फोर बाय फोर आणि आईचा गुडघा

तर मंडळी, आजचा विषय गाडी. ज्यांना गाड्यांमध्ये काडीचा रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात शेवटी आई आहे.

आमच्याकडे एक सफारी स्टॉर्म आहे. सेकंडहँड, फोर बाय फोर. ऑफिसातले मित्र विचारतात, बोईसरसारख्या ठिकाणी फोर बाय फोर कशाला? त्यांना एकदा पावसाळ्यात बोईसर-चिल्हार रस्त्यावर एमआयडीसीच्या ट्रेलरांमागून फिरवून आणलं की प्रश्न संपतो! पण खरं कारण वेगळं होतं. बाबांची कंबर आणि आईचा गुडघा. आधीच्या छोट्या गाडीत खड्डा आला की बाबा "अगं आई गं" म्हणायचे आणि आई म्हणायची, "मला हाक मारू नका, मी काय करणार?" विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जायचं, वाणगावच्या पुढे मामाकडे जायचं, तर मऊ आणि उंच गाडी हवी, मामाच्या वाडीतल्या चिखलात रुतणार नाही अशी हवी. स्टॉर्म या हिशेबात चपखल बसली.

गाडी म्हणून सफारी आहेच मजेशीर. १९९८ साली आली तेव्हा आमच्या कॉलेजच्या पोरांच्या वह्यांवर तिचे फोटो असायचे. स्टॉर्म आली २०१२ मध्ये. २०१७ मध्ये सैन्याने जिप्सीच्या जागी ३,१९२ स्टॉर्म मागवल्या, ही बातमी मी बाबांना किमान दहा वेळा वाचून दाखवली आहे. २०१९ मध्ये ती बंद झाली. २०२१ मध्ये सफारी हे नाव परत आलं, पण फक्त पुढची चाकं ओढणारी गाडी म्हणून. म्हणजे आमची ती आता एक प्रकारे पुरातत्त्व खात्याची वस्तू.

गंमत अशी की कंपनीने ही गाडी बनवताना दोन विरुद्ध गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. खाली ट्रकसारखी शिडीची चेसिस, मागे सलग अ‍ॅक्सल, डॅशबोर्डवर टू-व्हील, फोर हाय आणि फोर लो असं फिरवायचं बटण. आणि वर सोफ्यासारख्या सीट्स. फोर लो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. गाडीचा वेग कमी होतो आणि चाकांवरची ताकद तितक्या पटीने वाढते. सायकलला गिअर असले की चढावर आपण जे करतो तेच. गाडी मुंगीच्या पावलाने पण हत्तीच्या जोराने चालते. याच्यासाठी काही वेगळं बसवावं लागत नाही. ते आतच असतं.

पण मी सॉफ्टवेअरवाला. चालू असलेल्या गोष्टीला हात लावल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

झालं असं की एका ऑफ-रोडिंग ग्रुपबरोबर मी दोन-तीन रविवार मनोरच्या आसपास फिरून आलो. तिथे बाकीच्यांच्या गाड्या बघितल्या आणि आपली एकदम "फॅमिली" वाटायला लागली. (हा शब्द तिथे शिवीसारखा वापरतात.) मग रात्री जागून व्हिडिओ, एक्सेल शीट वगैरे. आणि तीन बदल केले.

पहिला, सस्पेन्शनवर स्पेसर टाकून गाडी २ इंच उचलली. दुसरा, २३५/७० आर १६ च्या जागी २४५/७५ आर १६ चे मड-टेरेन टायर, असे दणकट दातांचे की शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, ट्रॅक्टरचे आहेत का?" तिसरा, दोन्ही बाजूंचे फूटबोर्ड काढून टाकले. कारण उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट घासू नये म्हणून जी जागा हवी, ती हे फूटबोर्ड खातात. शास्त्रीयदृष्ट्या एकदम बरोबर!

आता जरा गणित बघा. जुन्या टायरची उंची साधारण ७३५ मिलिमीटर, नव्याची ७७४. फरक ३९ चा, पण चाकाच्या मध्यापासून खाली त्याचा निम्माच भाग येतो, म्हणजे गाडी जेमतेम २० मिलिमीटर वर गेली. आणि ते २ इंच? ते फक्त बॉडीला मिळाले. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो भोपळ्यासारखा गोळा असतो, जो दगडाला सगळ्यात आधी लागतो, तो चाकांबरोबरच चालतो. स्पेसर टाका नाहीतर मजला चढवा, तो होता तिथेच. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. म्हणजे एवढा खर्च करून खऱ्या अडचणीच्या जागी मला मिळाले २० मिलिमीटर. दोन मोबाईलच्या जाडीच्या आसपास.

बाकी मिळालं ते असं. स्पीडोमीटर ८० दाखवायचा तेव्हा गाडी ८४ ला असायची. मायलेज उतरला. पुढच्या ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढल्यामुळे त्याचं रबराचं बूट चार महिन्यांत फाटलं. हायवेवर टायरांचा असा घूं घूं आवाज, की बाबांना विविधभारती ऐकू येईना. वळणावर गाडी झोकांड्या खायला लागली. आणि हे सगळं कायद्यातही बसत नाही, हे मला नंतर कळलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ नोंदीत बदल करायला बंदी आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला असता तर विमावाल्यांशी काय बोललो असतो, देव जाणे.

पण तेव्हा मी खूश होतो. पार्किंगमध्ये गाडी लावून चार पावलं गेल्यावर मागे वळून बघायचो.

त्याच सुमारास आई आमच्याबरोबर यायची बंद झाली. आज उपास आहे, आज सांडगे घालायचेत, आज ऊन फार आहे. "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." आम्हाला वाटलं, वय झालं, कंटाळा येत असेल. असो.

मग तो हिवाळ्यातला शनिवार. बायको, मुलगी आणि मी चिंचणीला गेलो. आई नेहमीप्रमाणे घरी. सुरूच्या झाडांपलीकडे ओहोटीचा लांबच लांब किनारा, माणूस नाही फारसं. खरं तर किनाऱ्यावर गाडी घालणं चूकच. खेकड्यांची बिळं, चालणारी माणसं, खेळणारी पोरं, सगळ्यांच्या दृष्टीने. पण दणकट टायर असले की अक्कल जरा कमी पडते. कडक ओल्या वाळूवर शंभर-दीडशे मीटर झकास गेलो. मुलीने व्हिडिओ काढला. मग वळायला म्हणून कोरड्या भुसभुशीत वाळूकडे न जाता उलट खाली, पाण्याच्या बाजूला वळवली आणि मऊ पट्टा लागला.

गाडी थांबली. मी अ‍ॅक्सिलरेटर दिला. आणि इथेच माझे लाडके मड-टेरेन टायर कामाला लागले. त्यांचे दात चिखलात पकड घेण्यासाठी असतात. मऊ वाळूत चाक जागच्या जागी फिरलं की ते दात फावड्यासारखे खणतात. चौथ्या प्रयत्नात गाडी मागच्या अ‍ॅक्सलवर बसली. चाकं फिरताहेत, गाडी जागची हलत नाही. फोर हाय, फोर लो, सगळं करून झालं. साडेअकरा वाजले होते. आणि बायको शांतपणे म्हणाली, "अरे, पाणी मगाशी इतकं जवळ होतं का?"

पोटात गोळा आला. मोबाईलला रेंज येत-जात होती. मुलीला वर सुरूच्या झाडाखाली बसवलं आणि मी हातांनी वाळू उपसायला लागलो. फावडं नव्हतं. एलईडी बार होता, फावडं नव्हतं!

तेवढ्यात मासळी न्यायला आलेला एक जुना पिकअप वरून दिसला. त्यातले एक वयस्क काका आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर बोटांनी टकटक केलं.

"टायर लय भारी हायेत. हवा किती?"

"पस्तीस."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तसं आमचे आर्किटेक्ट नवीन मुलाच्या कोडकडे बघतात.

"निम्मी करा. चारीची."

मग वाळूकडे बघत म्हणाले, "आज संकष्ट ना? चार तिथी. चार पाऊण तीन. तीनला फुल भरती. टाइम हाय, घाई करू नका."

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. कोकणात सगळ्यांना येणारं गणित. माझ्या फोनमध्ये भरतीचं अ‍ॅप होतं, मी ते उघडलंच नव्हतं.

व्हॉल्व्हमध्ये किल्ली दाबून चारी टायरांची हवा सोडली. अंदाजे सोळा-सतरावर आणली. टायर बसला की तो जमिनीवर लांब पसरतो, तेवढंच वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूत घुसायच्या ऐवजी वर तरंगते. उंटाचा पाय तसाच असतो. काकांनी पिकअपमधून फावडं आणि गोणपाटं आणली, अ‍ॅक्सलखालची वाळू काढली, चाकांपुढे गोणपाटं टाकली. "चाक फिरवायचं नाय. नुसतं सोडा." फोर लो, दुसरा गिअर, पाय अगदी हलका. गाडी जरा कुरकुरली आणि गोगलगायीसारखी वर चालत आली. मागे आमचे खड्डे होते, अर्ध्या तासाने त्यात पाणी होतं.

काकांनी पैसे घेतले नाहीत. जाताना मी विचारलं, तुमची गाडी फोर बाय फोर आहे का? ते हसले. "नाय ओ. मागचीच दोन चाकं. हवा कमी ठेवतो."

हवेला पैसे पडत नाहीत. पुन्हा भरायचा कॉम्प्रेसर मात्र माझ्याकडे नव्हता, त्यामुळे पंक्चरवाल्यापर्यंत वीसच्या स्पीडने आलो. मऊ टायरवर डांबरी रस्त्याने जोरात गेलं तर टायर रिममधून सुटू शकतो.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती चंद्रोदयाची वाट बघत बसली होती. म्हणाली, "अरे, आज संकष्टी आहे हे मी सकाळीच सांगितलं असतं. तीनची भरती. तू विचारलंस कुठे?"

मी म्हटलं, "तू बरोबर आली असतीस तर..."

ती काही बोलली नाही. नंतर गॅलरीत बाबा म्हणाले, "तिला चढता येत नाही त्या गाडीत. फूटबोर्ड काढलास ना तू. मागच्या वेळी चढताना गुडघा लचकला होता तिचा. तू एवढ्या हौसेने केलंस, म्हणून बोलली नाही."

सहा महिने. प्रॉडक्शनमध्ये सहा महिने बग होता, आणि ज्या युजरसाठी सिस्टिम घेतली तिने तिकीटच टाकलं नव्हतं. उलट स्वतःच सिस्टिम वापरायची सोडून दिली होती. मी खाली जाऊन गाडीच्या दारापाशी उभा राहिलो. ७० मिलिमीटर वर गेलेली गाडी, आणि पाय ठेवायला काही नाही. माझ्या कमरेच्या उंचीने मला ते कधी जाणवलंच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात रोलबॅक केला. स्पेसर काढले. मूळ मापाचेच, पण ऑल-टेरेन टायर घेतले. फूटबोर्ड माळ्यावर होते ते परत लावले आणि दाराच्या आत धरायला चांगलं हँडल आहे ना, ते तपासलं. चेसिस खालून गोड्या पाण्याने धुतली, समुद्राचं मीठ लोखंडाला सोडत नाही. डिकीत आता एक छोटा कॉम्प्रेसर, हवा मोजायचं मीटर, फावडं, चार गोणपाटं आणि ओढायचा चांगला पट्टा असतो. सगळं मिळून एका मड-टेरेन टायरच्या किमतीत बसलं. कुणी विचारलं तर मी सांगतो, ऑफ-रोडसाठी आधी हे घ्या, मग हवा कमी करायला शिका, मग चालत जाऊन रस्ता बघायला शिका. त्यानंतरही हौस उरली तर बोलू.

आणि जुलैतला एक रविवार. आम्ही चौघं आणि मुलगी, मामाकडे. वाटेत एका फरशीवरून ओढ्याचं पाणी चाललं होतं. मी उतरून काठी घेऊन बघितलं. गुडघ्याला लागेल एवढं, पण ओढ जोराची. वाहतं पाणी दोन फूट असलं की मोठी गाडीसुद्धा उचलून नेतं. आई आतून म्हणाली, "जाईल का रे?" मी म्हटलं, "गाडी जाईल, पण आपण नको जाऊया." मागे फिरून लांबच्या रस्त्याने गेलो, दीड तास जास्त लागला. पूर्वीचा मी हे केलं असतं का, शंका आहे.

शेवटचा एक किलोमीटर वाडीतला चिखल. टायरांची हवा जरा उतरवली, फोर लोवर टाकलं. गाडी डुलत डुलत, चाक न फिरवता, बैलगाडीसारखी निघाली. मी आरशात बघितलं. बाबा कंबरेमागे उशी लावून बाहेर बघत होते, आणि आई डोकं मागे टेकून गाढ झोपली होती.

मामाच्या अंगणात गाडी थांबल्यावर ती जागी झाली, फूटबोर्डवर पाय ठेवून उतरली आणि म्हणाली, "आलो पण? काही कळलंच नाही."

ऑफ-रोडिंग ग्रुपवर टाकण्यासारखा फोटो त्यात एकही नव्हता. चला, आता खाली जाऊन हवा बघतो. उद्या विवळवेढ्याला जायचंय.