सेकंदाला सहा टँकर

आज सातवीच्या वर्गात पुस्तक उघडलंच नाही. पेपरातलं एक कात्रण फळ्यावर चिकटवलं: कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग सुरू. क्युसेक हा शब्द सांगलीतल्या पोरांच्या कानावर पावसाळाभर पडतो; पण तो नेमका किती, हे कुणालाच सांगता येईना. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. वह्या निघाल्या, गुणाकार सुरू झाले. सेकंदाला ५९ हजार लिटरच्या वर! दहा हजार लिटरचे जवळपास सहा टँकर, दर सेकंदाला. वर्गात एकच गलका झाला.

एरवी गणिताच्या तासाला मान वर न करणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग हे पाणी आपल्याकडे कधी पोचणार?" तिथून पुढचा तास तिचाच. नकाशावर बोट फिरू लागलं: कोयनानगर, पाटण, कराडला कृष्णेशी संगम, आणि खाली आपला आयर्विन पूल. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५.

बातमी निवडताना मात्र मी फार जपतो. २०१९ चा पूर यांच्यातल्या कित्येकांच्या घरात शिरला होता. बुडालेल्या घरांचे फोटो मी वर्गात आणत नाही. त्या आठवणी उकरून काढण्याचा हक्क मला नाही.

बातमीत काय नाही, हेही मुलांना शोधायला लावतो. आज त्यांना सापडलं: पाणी सोडलं किती ते आहे, धरणात येतंय किती ते नाही. उद्या आवकेचा आकडा आणायचा, हा गृहपाठ त्यांनीच ठरवला.