सही लंडनला, अक्षता सोलापूरला

लग्न ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न मुहूर्ताचा आणि दुसरा कार्यालयाचा. पण मैत्रिणींनो, वर आणि वधू अशा दोन बाजूच नसतील, दोघेही मुलगेच असतील, तर? मग पहिला प्रश्न येतो तो देशाचा! माझ्या मावसबहिणीच्या घरी गेले काही महिने हाच घोळ चालला आहे. तिचा मुलगा लंडनला नोकरीला आहे. जोडीदारही त्याला तिथंच भेटला, मूळचा केरळचा. रडणं, रुसणं, अबोला सगळं होऊन गेलं. ते इथं उगाळत नाही. आता ताई म्हणते, "करायचंच तर नीट करू. पण कुठं करायचं ते तू शोधून सांग." मी शाळेत अर्धवेळ नागरिकशास्त्र शिकवते ना, म्हणून कायद्याचं काम माझ्या गळ्यात!

तर ऐका. आपल्याकडे दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. पण लग्नाची मान्यता मागायला लोक गेले तेव्हा १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं ती दिली नाही. कायदा करायचा तर संसदेनं करावा, असं म्हणून ते मोकळे झाले. फेरविचाराची मागणीही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. त्यामुळे १९५५ चा हिंदू विवाह कायदा घ्या, की नोंदणी लग्नाचा १९५४ चा विशेष विवाह कायदा घ्या, दोन्हीकडे दार बंद. मांडव घाला, बँड लावा, सनई वाजवा, कोणी अडवणार नाही. पण कायद्याच्या वहीत ते लग्न झालेलंच नसतं.

मुलांच्या मनात गोवा होतं. नागपूरच्या दोन डॉक्टर मुलींनीही २०२१ च्या अखेरीस घरच्यांसमोर अंगठ्या घातल्या, तेव्हा लग्नासाठी गोव्याचंच नाव घेतलं होतं. शिवाय गोव्याचा कायदा निराळा, म्हणून ताईलाही आशा वाटली. निराळा आहे हे खरंच. पोर्तुगीजांची १८६७ ची दिवाणी संहिता तिथं अजून चालते, आणि लग्नाची सरकारी नोंद करावीच लागते. पण त्या संहितेतही लग्न म्हणजे स्त्री-पुरुषाचंच. गंमत बघा, खुद्द पोर्तुगालनं २०१० सालीच अशा लग्नांना मान्यता दिली. गोवा मात्र १९६१ ला त्यांच्याकडून सुटलं, तेव्हा जुनी वही आपल्याकडे राहिली आणि नवी पानं तिकडेच जोडली गेली. म्हणजे गोव्यात समुद्र मिळेल, कागद नाही.

मग परदेश. नेदरलँड्सनं २००१ साली सुरुवात केली, अमेरिकेत २०१५ पासून सगळ्या राज्यांत चालतं, तैवानमध्ये २०१९ पासून, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून. शेजारच्या नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंद झाली. थायलंड जवळ आणि त्यामानानं स्वस्त, म्हणून आमच्या भावजींनी लगेच विमानाची भाडी काढली! पण परदेशी माणसाला तिथं आपल्या वकिलातीचा कागद दाखवावा लागतो, आणि आपलं सरकार तर असं लग्न मानत नाही. ती गाठ सुटेल की नाही हे पाहिल्याशिवाय तिकिटं काढू नयेत, असं मी सांगितलं.

शेवटी मुलं राहतात तिथलाच कायदा बरा ठरला. इंग्लंडमध्ये २०१४ पासून अशी लग्नं होतात. आधी नोंदणी कचेरीत जाऊन नोटीस द्यायची, मग निदान २८ दिवस थांबायचं. व्हिसावर असणाऱ्यांची चौकशी निघाली तर ७० दिवससुद्धा. उद्या बदली दुसऱ्या देशात झाली, तर व्हिसा देणारे पाहतात ते हेच, की लग्न जिथं लागलं तिथं ते कायदेशीर होतं का. सोलापूरचे फोटो तिथं चालायचे नाहीत.

एवढं सगळं मी वहीत लिहून नेलं, आणि ताईच्या सासूबाईंनी एका वाक्यात माझी वही मिटवली. वय पंच्याऐंशी, गुडघे गेलेले. विमान सोडा, जिना चढवत नाही. त्या म्हणाल्या, "सिद्धेश्वराच्या योगदंडाशी लागणाऱ्या लग्नाला मी साठ वर्षं अक्षता टाकल्या. नातवाच्या अक्षता टाकायला कुठल्या देशात जाऊ गं?"

सोलापूरबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं. तिनं त्यांच्याशीच लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा योगदंडाशी लग्न कर असं त्यांनी सांगितलं, अशी कथा आहे. सात उंच नंदीध्वज मिरवत येतात, बाराबंदी घातलेले भक्त पांढरेशुभ्र दिसतात, सम्मती कट्ट्यावर आधी सम्मती वाचली जाते आणि मग हजारो हात एकदम अक्षता टाकतात. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे एकाच गर्दीत!

म्हणून ठरलं असं, की सही लंडनला आणि अक्षता सोलापूरला. यवतमाळच्या एका मुलानंही आपल्या परदेशी जोडीदाराशी लग्नाचा सोहळा ३० डिसेंबर २०१७ ला आपल्या गावातच केला होता, हे मी ताईला दाखवलं तेव्हा तिला जरा धीर आला. तरी जागा मिळेना. एका कार्यालयवाल्यानं दोन्ही नावं वाचली आणि वहीतली रिकामी तारीख अचानक भरली! अखेर घरच्याच वाड्याचं अंगण सारवायचं ठरलं. मला तर तेच जास्त आवडलं.

कागदाचं मात्र विसरू नका. लंडनचा दाखला इथं चालत नाही. घर, दागिना, पैसा आपोआप जोडीदाराकडे जात नाही. त्यासाठी दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करावीत. बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हे केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिधापत्रिकेवर एकाच घरातले म्हणून नावं घालायलाही हरकत नाही. नवरा-बायकोलासुद्धा मी हेच सांगते, पण ऐकतं कोण?

आता वाद उरलाय तो निराळाच. आमच्या ताईसारखीच केरळची आईही वरमाय! दोघींचीही बाजू वरचढ, मुलीकडचं म्हणून वाकायला कोणीच नाही. पाय कोणी कोणाचे धुवायचे, विहिणीची पंगत कोणी वाढायची, मान कोणाचा आधी? ताईनं परवा त्या बाईंना फोन लावला. एकीला मराठी येत नाही, दुसरीला मल्याळम. मोडक्या इंग्रजीत पाऊण तास बोलल्या. शेवटी दोघींनी एकमेकींना सारख्याच साड्या घ्यायच्या असं ठरलं आहे. रंग अजून ठरायचाय.