तक्रार काळ्या रंगाची

या वीकएंडला एका फ्रेंच आजोबांबद्दल. नाव मिशेल-युजीन शेव्रुल. जन्म १७८६, मृत्यू १८८९. म्हणजे वय वर्षं १०२! आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञ-इंजिनियरांची नावं आहेत त्यांत हे एक, आणि टॉवर उभा राहिला तेव्हा आजोबा हयात होते. पण मला त्यांचं अप्रूप आहे ते एका तक्रारीमुळे.

पॅरिसला गोबलँ नावाचा टॅपेस्ट्रीचा कारखाना आहे. १६६२ पासून राजाचा, म्हणजे सरकारी. टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रं, फक्त ब्रशने नाही, तर रंगीत लोकरीने विणलेली. आपल्या पैठणीचा पदर याच जातीचं विणकाम आहे. प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या नक्षीपुरताच फिरतो.

१८२४ साली शेव्रुल इथे डाइंग खात्याचे प्रमुख झाले. माणूस मूळचा चरबी आणि साबणाचा केमिस्ट. त्याला लोकर रंगवायला का बसवला? कारण रंगाचं काम नुसत्या हाताच्या अंदाजावर चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात आपल्याकडेही हेच झालं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने यूडीसीटी (आताचं माटुंग्याचं आयसीटी) काढलं, तेव्हा सुरुवातीच्या दोन विषयांपैकी एक होता टेक्स्टाइल केमिस्ट्री. पुढे १९३८ मध्ये तिथे प्रमुख झालेल्या के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनावर जगभर वापरला गेलेला ग्रंथ लिहिला.

असो. तर शेव्रुलसमोर तक्रारींचा ढीग. त्यांनी आधी त्याचे दोन भाग केले. फिकट निळा, जांभळा, राखाडी असे काही रंग टिकत नाहीत, ही तक्रार तपासली तर खरी निघाली. तो डाइंग खात्याचाच दोष. दुसरी तक्रार काळ्याची. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांमध्ये सावली दाखवायला जो काळा धागा वापरतात त्यात दमच नाही, विटका दिसतो, असं विणकरांचं म्हणणं. शेव्रुलनी फ्रान्समधून आणि बाहेरून काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशेजारी ठेवली. गोबलँचा काळा कुठेच कमी नव्हता.

आता विचार करा, इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? "आमच्या बाजूने सगळं ओके आहे" असं लिहून तिकीट क्लोज! आणि ते खोटंही नसतं. गेल्याच महिन्यात आमच्याकडे एक तिकीट चार टीम्स फिरून आलं. चौघांचे ग्राफ हिरवेगार, चौघांचं उत्तर बरोबर. ज्या बाईंनी तक्रार केली होती त्यांचा स्क्रीन मात्र तस्साच अडकलेला.

शेव्रुलनी तिकीट क्लोज केलं नाही. धागा चांगला आहे आणि विणकरालाही तो खरंच विटका दिसतोय, ही दोन्ही विधानं एकदम खरी धरली. मग उरलं काय? शेजार! निळ्याला लागून काळा ठेवला की आपली नजर त्या काळ्यात निळ्याचा विरोधी रंग, म्हणजे नारिंगीची छटा घालते. काळा तपकिरी वाटायला लागतो. दोष ना डाइंगचा, ना विणकराचा. रंग एकट्या धाग्यात नसतोच, तो दोन धाग्यांच्या मध्ये घडतो.

पटत नसेल तर स्क्रीनवर करून बघा. दोन राखाडी चौकोन काढा, दोन्हीकडे आरजीबी १२८, १२८, १२८. एकामागे गडद निळा, दुसऱ्यामागे पिवळा. आकडे तेच, दिसतात वेगळे. आमच्या सांताक्रूझच्या बाजारातल्या मॅचिंग सेंटरवाल्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं. तो ब्लाउजपीस कधी सुटा दाखवत नाही. "ताई, साडी काढा पिशवीतून," म्हणतो आणि पीस थेट काठावर टाकतो.

शेव्रुलच्या या शोधातला केमिस्ट्रीचा भाग जवळजवळ शून्य. म्हणजे उत्तर त्यांच्या खात्याच्या आणि विषयाच्याही बाहेर होतं. तरीही ते मागे लागले, आणि १८३९ मध्ये रंगांच्या या परस्पर परिणामावर सातशेहून जास्त पानांचं पुस्तक काढलं. पदावर आल्यापासून १५ वर्षं! पुढे ७२ रंगछटांचं चक्र मांडलं, प्रत्येक छटेच्या फिक्यापासून गडदपर्यंत २० पायऱ्या. कुठल्या रंगाशेजारी कुठला धागा घ्यायचा हे आता बोट ठेवून सांगता येऊ लागलं. नंतर चित्रकारांनीही ते पुस्तक उचललं. सरासारखा माणूस ठिपक्याशेजारी ठिपका ठेवून चित्रं काढायला लागला त्यामागे हा विचार आहे.

मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू? आपलं खातं निर्दोष आहे हे त्यांना काळ्या लोकरीची तुलना केली तेव्हाच कळलं होतं. त्यांचं काम तिथे संपू शकलं असतं. पण विणकराला अजून काळा विटकाच दिसत होता ना... म्हणून आजोबांनी ते तिथून सुरू केलं.