तिकोनी तुकडा मोजताना

ओढ्याकडच्या तिकोनी तुकड्यात कांदा लावला. टोळीची मजुरी एकरावर ठरलेली, म्हणून मोजणी आली. पोरांनी टेप धरून चिठ्ठी दिली: 250, 150 आणि 80 फूट.

मी म्हणलं, असा तुकडा असूच शकत नाही. 150 आणि 80 मिळून 230. लांब बांधाच्या दोन टोकांकडून हे दोघं निघाले तर मधे निदान 20 फूट राहतात, भिडतच नाहीत. बेरीज बरोबर 250 आली असती तरी नुसती सरळ रेघ, आत जमीन शून्य.

परत मोजलं. तिसरा बांध 180 निघाला. 100 फुटी टेप एकदा धरायचा राहिला होता.

आता हिशोब: तिन्हींची बेरीज 580, निम्मी 290. त्यातून एकेक बाजू वजा केली: 40, 140, 110. हे चार आकडे गुणून वर्गमूळ काढलं, सुमारे 13,366 चौरस फूट. भागिले 1089, म्हणजे सव्वाबारा गुंठे. टोळीला तेवढ्याची मजुरी चुकती केली.

दोन लहान बाजूंची बेरीज मोठीपेक्षा जास्तच पाहिजे. जमली म्हणून माप बरोबरच असं नाही, पण नाही जमली तर चुकलंय हे नक्की. पैसे मोजायच्या आधी एवढी बेरीज करत जा.