फुकटच्या दुधाची किंमत

कोणी आपुलकीने काही दिले तर ते नाकारू नये, अशी आमच्या घरची शिकवण होती. पण घेण्यापूर्वी आपल्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा पाहून घ्यावे, हे आम्हांस बरेच उशिरा उमजले. त्या उशिरा आलेल्या शहाणपणाची ही हकीकत वाचकांस सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

गोष्ट 1960 सालच्या आसपासची. आम्ही तेव्हा बडोद्यास दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात राहात होतो. रोज पहाटे एक भरवाडीण डोक्यावर पितळी चरवी घेऊन येई. ती मातोश्रींना 'बेन' म्हणे. आम्ही सारी भावंडे तिला 'मासी' म्हणत असू. रोजचे शेरभर दूध ठरलेले होते. त्या वर्षी शहरातील एका संस्थेने परदेशातून आलेली दुधाची भुकटी लहान मुले असलेल्या घरांत फुकट वाटण्यास प्रारंभ केला. आम्ही पाच भावंडे आणि वडिलांचा पगार बेताचा. मातोश्रींनी मासीचे दूध प्रथम अर्ध्या शेरावर व पुढे पावशेरावर आणले. आळीतील बहुतेक घरांनी तेच केले. भुकटीच्या दुधास एक चमत्कारिक वास येई, तळाशी गुठळ्या राहात आणि आम्ही नाके मुरडीत ते पीत असू.

चार-पाच महिन्यांनी भुकटी येणे एकाएकी बंद झाले. मातोश्रींनी मासीला पुन्हा शेरभर दूध घालण्यास सांगितले. मासी उंबरठ्यावर टेकली आणि म्हणाली, "बेन, आता शेरभर कोठून आणू? दोन म्हशींतली एक विकली. पेंडीचे पैसे निघेनात." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते मातोश्रींच्या जिव्हारी लागले. भुकटी पाठविणाऱ्याचा हेतू चांगला, वाटणाऱ्याचा चांगला आणि घेणाऱ्याची गरजही खरी; तरीही एक म्हैस दावणीवरून गेलीच.

पुढे दहा वर्षांनी हाच प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. युरोपातील सरकारांनी आपल्या शेतकऱ्यांना दुधाच्या भावाची हमी दिलेली होती. त्यामुळे तेथे गरजेपेक्षा अधिक दूध होऊ लागले आणि भुकटी व लोणी यांनी गोदामे भरून गेली. हा साठा कोठे तरी खपविणे त्यांना भागच होते. तो आपल्याकडे स्वस्तात येऊन पडता तर शहरांतील दुग्धशाळांनी भुकटीत पाणी घालून दूध विकले असते, आणि खेड्यांतील दुधाला कोणी विचारले नसते. उद्या युरोपातील साठा सरला की शहरांत दूध नाही आणि खेड्यांत म्हैस नाही, अशी अवस्था झाली असती. मासीच्या दावणीवरचा प्रसंग लक्षावधी दावणींवर आला असता.

हा धोका ज्यांनी वेळीच ओळखला त्यांत डॉ. व्हर्गीस कुरियन हे अग्रणी होत. बडोद्याहून आगगाडीने तासाभराच्या वाटेवर असलेल्या आणंदला ते 1949 साली आले. त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली 1946 साली स्थापन झालेला खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ तेथे काम करीत होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी 1964 साली ते काम पाहिले आणि दुसऱ्याच वर्षी आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. युरोपची देणगी घ्यावी, पण फुकट वाटू नये, असे या मंडळींनी ठरविले. त्याप्रमाणे 1970 साली 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत 1,26,000 टन भुकटी आणि 42,000 टन बटर ऑइल मिळावयाचे होते. ते ताब्यात घेऊन विकण्यासाठी भारतीय दुग्ध महामंडळ स्थापन झाले, तेही आमच्या बडोद्यातच! हा माल मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथील दुग्धशाळांना विकत द्यावयाचा, त्याचे दूध खेड्यातील दुधापेक्षा स्वस्त पडू द्यावयाचे नाही, आणि विक्रीतून येणारा पैसा शीतकरण केंद्रे, टँकर, पशुखाद्याचे कारखाने व गावोगावच्या सहकारी संस्था यांत घालावयाचा, असे धोरण होते. पहिल्या टप्प्यात सुमारे 116 कोटी रुपये असे कामी लागले. देणाऱ्याने अटी घालाव्यात हा जगाचा रिवाज आहे. येथे घेणाऱ्याने स्वतःलाच अटी घालून घेतल्या.

त्या साऱ्या पाळल्या गेल्या काय? पाच वर्षांचा म्हणून आखलेला पहिला टप्पा 1981 पर्यंत लांबला. शहरांतील दुग्धशाळांना भुकटीची सवय जडली, गरीब व भूमिहीन माणसाच्या पदरी फारसे पडले नाही, असे आक्षेप 1983 साली क्लॉड अल्वारिस यांनी जाहीरपणे घेतले. त्यावर बरीच खडाजंगी झाली, एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने योजनेची तपासणीही केली. हे आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. मासीचा उतरलेला चेहरा ज्याने पाहिला आहे त्याला तसे करताही येणार नाही. परंतु 1996 साली योजना संपली तेव्हा परदेशी भुकटी थांबली म्हणून दूध थांबले नाही, हेही तितकेच खरे. 1950-51 साली देशात सुमारे 1 कोटी 70 लाख टन दूध होत असे. 2022-23 साली तो आकडा 23 कोटी टनांवर गेला. हे सारे श्रेय एका योजनेचे खचितच नव्हे. पहाटे उठून धारा काढणाऱ्या बायाबापड्यांचे ते अधिक आहे.

मासीच्या हकीकतीचा शेवट सांगावयाचा राहिला. त्या चार-पाच महिन्यांत दुधाचे जे पैसे वाचले होते, ते मातोश्रींनी फडताळातील एका डब्यात जपून ठेवले होते. आम्हां मुलांना वाटे, दिवाळीस नवे कपडे येणार. मातोश्रींनी तो डबा मासीच्या ओच्यात रिकामा केला आणि म्हणाल्या, "हे आगाऊ घे. दूध होईल तेव्हा फेड." मासीने त्यात आपली भर घालून एक वगार घेतली. ती मोठी होऊन दुधावर येईपर्यंत आम्ही पावशेरावर भागविले. चहा जरा काळसरच होत असे. दिवाळीला जुनेच कपडे घातले आणि मातोश्रींवर रुसलो, हे आज सांगताना लाज वाटते.

पुढील वर्षी भुकटी पुन्हा आली. मातोश्रींनी ती घेतली. मासीचे दूध मात्र एका पळीनेही कमी केले नाही.