अटॅचमेंटच्या उलट काय?



नातीला ‘अटॅचमेंट’चे विरुद्धार्थी शब्द हवे होते. शब्दकोशात तीन मिळाले: ‘डिटॅचमेंट’ म्हणजे अलिप्तता, ‘अव्हर्जन’ म्हणजे तिटकारा, ‘इनडिफरन्स’ म्हणजे बेपर्वाई. तिन्ही उलटे, पण एकमेकांपासून किती लांब!

बोलताना आपण संतापाला राग म्हणतो. शास्त्रात राग म्हणजे आसक्ती. तिच्या उलट द्वेष. पण राग आणि द्वेष, दोन्हींनी कर्मबंधच होतो. म्हणून तिटकारा हे आसक्तीवरचं औषध नव्हे. ज्यांचे दोन्ही गळून पडले, ते वीतराग.

मुलगा-सून वेगळे राहायला गेले की आपण म्हणतो, “मला काय त्याचं!” ही अलिप्तता नाही, दुखावलेला रागच आहे. बेपर्वाईही नको, तिच्यात करुणा नसते. तत्त्वार्थसूत्रात माध्यस्थ्य एकटं येत नाही. मैत्री, प्रमोद आणि कारुण्य यांच्यासोबत येतं.

मी कॉमर्सवाली, म्हणून माझ्या भाषेत सांगते: लाडवांचा डबा जरूर पाठवावा, फक्त तो त्यांच्या नावे टाकू नये. फोन आला तर आनंद, नाही आला तरी खातं कोरंच.

अलिप्ततेचा एवढा अर्थ मला पुरतो. जमायला मात्र रोजची सामायिक लागते.