अजून वीस हात

फिल्टर बदलून झाला, नळ्या जागच्या जागी बसल्या, चिंधीने हात पुसून झाले आणि यजमान जिन्याच्या पायरीवर उभा राहून ‘झालं का?’ असे विचारू लागला, की परक्याच्या दृष्टीने काम संपलेले असते; आमच्या दृष्टीने मात्र ते तेथे जेमतेम सुरू होते, कारण उघडलेल्या नळीत डिझेलच्या आधी हवेने मुक्काम ठोकलेला असतो, आणि तिला बेदखल केल्यावाचून डिझेल इंजिन कामावर रुजू होत नाही. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा कोणताही मेकॅनिक या कामाला ‘एअर काढणे’ म्हणतो. जनित्रसंचांच्या दुरुस्तीत माझी हयात गेली, पण पिस्टन बदलण्यात किंवा व्हॉल्व्ह घासण्यात जो आनंद मला कधी मिळाला नाही, तो या काहीशा क्षुल्लक वाटणाऱ्या कामात मिळत आला आहे, हे कबूल करावयास हरकत नाही.

हवेचे आणि डिझेल पंपाचे वैर समजून घेण्यासारखे आहे. पंपाचा दट्ट्या एका खेपेस जे डिझेल पुढे लोटतो ते मसुरीच्या एक-दोन दाण्यांहून फारसे अधिक नसते, आणि आमच्या नेहमीच्या लहान इंजिनांत तेवढ्याशा डिझेलला नोजल उघडण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोचा दाब गाठावा लागतो. डिझेल दबून घेत नाही, म्हणून दट्ट्याचा धक्का जसाच्या तसा नोजलपर्यंत पोहोचतो. हवा मात्र लवचीक स्वभावाची, दट्ट्या वर आला की ती अंग चोरते आणि खाली गेला की पुन्हा पसरते, आणि या तिच्या नमते घेण्यात पंपाचा सारा पराक्रम फुकट जातो. इंजिन फिरते, सेल्फ ओरडतो, बॅटरी उतरते, आणि धुराची एक रेषासुद्धा बाहेर पडत नाही.

गंमत अशी, की रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे आपले यंत्र यशस्वी करून दाखविले तेव्हा हीच हवा त्याच्या सेवेत होती. वेगळ्या कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर इंधन सिलिंडरमध्ये फवारण्याची त्याची तजवीज होती. पुढे तो अवजड कॉम्प्रेसर काढून टाकून केवळ पंपाच्या जोरावर डिझेल फवारण्याची पद्धत रूढ झाली, बॉश कंपनीने १९२७ पासून असे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला, आणि कालपर्यंत दरबारात मानाने बसणारी हवा एकाएकी घुसखोर ठरली. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी निघाली आणि तिचे नाव इतके रुळले, की पंप कोणाचाही असो, जुने मेकॅनिक त्याला ‘मायको पंप’च म्हणत.

हे काम मी शिकलो ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका पत्र्याच्या शेडमध्ये, ज्यांना आम्ही सारे केवळ ‘उस्ताद’ म्हणत असू अशा गृहस्थांच्या हाताखाली. क्रम त्यांनी असा लावून दिला, की आधी टाकीची चावी, मग फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू, मग पंपावरचा, आणि सर्वांत शेवटी नोजलपाशी येणाऱ्या जाड नळ्यांचे नट. म्हणजे डिझेल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने हवेचा पाठलाग करावयाचा, मधले ठाणे सोडून पुढे जावयाचे नाही. टाकीतून डिझेल ओढून घेणाऱ्या फीड पंपावरची हातमूठ फिरवून सैल करावी आणि वरखाली दाबीत राहावे: आरंभी ती पोकळ लागते, रिकाम्या पिचकारीसारखी; मग स्क्रूच्या आट्यांतून फेस फुरफुरू लागतो, फेसाचे बुडबुडे होतात, बुडबुड्यांचे अंतर वाढत जाते, आणि मूठ हळूहळू जड होत जाऊन तळहाताला उलट दाबू लागते. उस्ताद आम्हांला डोळे मिटून मूठ दाबावयास लावीत. बुडबुडे संपले असे सांगितले, की त्यांचे उत्तर ठरलेले असे: ‘अजून वीस हात मार.’ आणि त्या वीसांपैकी बाराव्या-तेराव्या हाताला एखादा चुकार बुडबुडा हटकून वर येई.

नव्या फिल्टरमध्ये आधीच डिझेल ओतून तो चढवावा, म्हणजे मूठ मारण्याचे श्रम वाचतात, असे पुष्कळजण मानतात. मला ते कधी पटले नाही. कॅनमधून ओतलेले डिझेल फिल्टरच्या मधल्या भोकातून गेले तर ते गाळल्यावाचून थेट पंपाकडे रवाना होते, आणि ज्या कचऱ्याला अडविण्यासाठी फिल्टर बदलला त्यालाच आपण मागच्या दाराने आत घेतो. श्रमच वाचवावयाचे तर ते यंत्राने वाचवावेत. कल्याणच्या रेल्वे डिझेल शेडमधील एका परिचिताने मला एकदा २६०० अश्वशक्तीचे सोळा सिलिंडरांचे इंजिन दाखविले होते; तेथे आधी विजेचा बूस्टर पंप चालू करतात, तो नळ्या भरतो, आणि उरलेले डिझेल हवेला बरोबर घेऊन टाकीत परत जाते. मला त्या व्यवस्थेचा हेवा वाटला, आणि आपल्या अंगठ्याचा थोडा अभिमानही.

ज्या प्रसंगाने मला उस्तादांचे वीस हात अपुरे ठरू शकतात हे शिकविले, तो २००५ सालच्या जुलैतला. २६ तारखेला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद झाली, आणि इकडे उल्हास व वालधुनी या दोन्ही नद्या वस्तीत शिरल्या. तिसऱ्या दिवशी कल्याणमध्ये वालधुनीच्या बाजूच्या एका चार मजली इमारतीतून निरोप आला. जनित्र उंच ओट्यावर होते म्हणून बचावले होते. डिझेलची टाकी मात्र खाली खड्ड्यात, आणि ती सबंध बुडाली होती. तळाची चावी उघडून मी काचेची बाटली भरली, तेव्हा खाली गढूळ पाणी आणि वर पिवळसर डिझेल असे दोन थर झाले, आणि त्यांच्यामधली सीमारेषा जमिनीच्या मोजणीत आखावी इतकी स्पष्ट दिसली. टाकी रिकामी करून पुसली, नळ्या उतरवून फुंकल्या, फिल्टर नवा घातला, ताजे डिझेल ओतले आणि यथाक्रम हवा काढली. सतरा नंबरच्या पान्याने नोजलकडचे नट अर्धा वळसा सैल करून सेल्फ मारला. तिन्ही नटांपाशी डिझेल ठेक्यात उडू लागताच ते एकेक करून आवळले. इंजिन आधी एका सिलिंडरवर खोकले, मग दुसरा लागला, मग तिसरा, आणि जिन्यातले दिवे लागले. टाळ्याही पडल्या.

बारा मिनिटांनी इंजिन बंद पडले.

पुन्हा हवा काढली. या खेपेस पाव तास चालले. तिसऱ्यांदा सेल्फचा आवाज खोल गेल्यासारखा वाटू लागला, आणि बॅटरीत आता मोजून चार-पाचच वळसे उरले असावेत हे ध्यानात येऊन मी स्वस्थ बसलो. एकही सांधा ओला नव्हता. आणि कैफियत तेथेच दडलेली होती. कारण पंपाच्या पुढच्या नळ्यांत दाब असतो, तेथील चूक डिझेल बाहेर टाकून स्वतःची फिर्याद स्वतःच नोंदविते, परंतु टाकी खाली आणि इंजिन वर असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते, आणि तेथली फट थेंबभरही गाळीत नाही, ती बाहेरची हवा मुकाट्याने आत ओढून घेत राहते. कोरडेपणाला मी निर्दोषपणाचा पुरावा मानला होता.

फीड पंपाच्या पुढे वीतभर पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडून मी मूठ मारू लागलो, आणि विजेरीच्या उजेडात मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक माळ शिस्तीने चालत येताना दिसली. मग मागे मागे जात, प्रत्येक सांध्यावर ग्रीस थापून पाहिले. फीड पंपात शिरणाऱ्या बँजो बोल्टपाशी ग्रीस लावताच माळ तुटली. बोल्ट काढला, त्याखालच्या तांब्याच्या वॉशरवर केसाएवढा आडवा ओरखडा होता. तो जुनाच वॉशर सकाळी घाईत उलटा करून मीच बसविला होता. पुरात बाजार बंद, नवा वॉशर कोठून आणणार?

पहिल्या मजल्यावरच्या आजींची गॅसची शेगडी चालू होती. पॉलिश पेपर काचेवर ठेवून वॉशर ओरखडा जाईपर्यंत घासला, मग पकडीत धरून ज्योतीवर लालबुंद केला आणि पाण्याच्या वाटीत सोडला. तापवून निवविलेले तांबे नरम पडते आणि आवळताना बारीकसारीक खड्ड्यांत स्वतःला बसवून घेते. आजी दारातून हे सारे पाहत होत्या. “अहो, हे काय भाजताय? माझ्या चहाला रॉकेलचा वास लागेल हो!” मी डिझेल आणि रॉकेल यांतला फरक सांगू लागलो, पण त्यांना तो भेद मान्य नव्हता.

त्या खेपेस मी वीस नव्हे, साठ हात मारले. इंजिन दुसऱ्याच वळशाला लागले. लोक आपापल्या मजल्यावर गेले, गच्चीच्या टाकीत पाणी चढू लागले, आणि मी ओट्याच्या कडेला बसून त्या वीतभर पारदर्शक नळीकडे पाऊण तास पाहत राहिलो. तीतून डिझेल जात होते खरे, पण बुडबुड्यावाचून ते इतके स्थिर दिसे, की नळी भरलेली आहे की रिकामी, हे पाहण्यासाठी मला मधून मधून विजेरी तिरपी धरावी लागे. आजींनी चहा पाठविला. त्याला डिझेलचा वास येत होता. शेगडीमुळे की माझ्या हातांमुळे, ते त्यांना जाऊन विचारण्याचे धाडस मला झाले नाही.